‘आजोबा, तू बसा’ : मुलांना आदरार्थी बोलणे कसे शिकवावे

चार वर्षांचे मूल दार उघडते आणि दारात आजोबांना पाहून आनंदाने म्हणते, “आजोबा, तू बसा ना!” घरातले सगळे हसतात आणि मूल गोंधळते, कारण आपले काय चुकले हे त्याला कळलेले नसते. खरे तर त्याने अर्धे काम बरोबर केलेले असते. ‘बसा’ हे रूप त्याने मोठ्यांच्या तोंडून ऐकून नेमके उचललेले असते. फक्त त्याच्या जोडीला रोजच्या सवयीचा ‘तू’ आलेला असतो. मराठीत आदर एका शब्दात मावत नाही. तो सर्वनामात असतो, क्रियापदात असतो, ‘माझा’ आणि ‘माझे’ यांच्यातल्या फरकात असतो, इतकेच काय, ‘बाबाचा’ आणि ‘बाबांचा’ यांच्यातल्या एका टिंबातही असतो. म्हणूनच “मोठ्यांशी नीट बोल” एवढ्या सूचनेने तो मुलाला येत नाही. प्राथमिक शाळेत मराठी शिकवताना आणि घरी दोन मुले वाढवताना मला जे उपयोगी पडले, ते येथे सांगते.

सर्वांत आधी घरातल्या मोठ्यांनी आपापसांत ठरवावे की आपल्या घरात कोणाला ‘तू’ म्हणायचे आणि कोणाला ‘तुम्ही’. हे ठरवल्याशिवाय मुलाला दुरुस्त करायला बसू नये, कारण आई एक सांगते, आजी दुसरे सांगते आणि मूल दोघींकडे पाहत राहते. मराठी घरांत याची एकच रीत कधीच नव्हती. बहुतेक ठिकाणी आईला ‘तू’ म्हणतात आणि त्यात कोणालाही अनादर वाटत नाही. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतच्या संतांनी विठ्ठलालाही ‘तू’ म्हणूनच हाक मारली आहे. वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणारी घरे आजही आहेत आणि ‘अरे बाबा’ म्हणणारीही पुष्कळ आहेत. काही घराण्यांत आईलाही ‘आईसाहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणण्याची पद्धत आहे. आत्या आणि मावशी यांच्याबाबत तर एकाच घरात दोन रीती सापडतात. माझे मत विचाराल तर आईवडिलांसाठी जे ठरवाल ते दोघांना सारखे ठेवावे. बाबांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ ही जुनी रीत मायेतून आली असली, तरी आजच्या मुलाच्या कानाला त्यातून ‘आईचे ऐकले नाही तरी चालते’ असाही अर्थ लागू शकतो, विशेषतः घरात आईशी इतर मंडळी तुटक बोलत असतील तर. तरीही एखाद्या घराने जुनी रीतच ठेवायची ठरवली, तर आईच्या ‘तू’मागची जवळीक मुलाला समजावून सांगावी आणि त्या ‘तू’ला कधीही दरडावणीचा सूर येऊ देऊ नये.

नात्यांची नावेही याच वेळी ठरवावीत. ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोन शब्दांत काका, मामा, आत्या, मावशी, काकू, मामी या सर्वांची ओळख पुसली जाते, आणि मुलाला आपण कोणाचे कोण लागतो हे कळत नाही. विदर्भात वडिलांच्या थोरल्या भावाला ‘मोठे बाबा’ आणि त्यांच्या पत्नीला ‘मोठी आई’ म्हणतात. इतरत्र ‘थोरले काका’ म्हणतात. आपल्या घरात जे चालत आले असेल तेच ठेवावे, पुस्तकी करू नये. अण्णा, आप्पा, तात्या, नाना, आबा, भाऊ ही हाकेची नावे अशीच घरांतून आली आहेत, आणि त्यांतली काही पुढे साऱ्या महाराष्ट्राची झाली: धोंडो केशव कर्वे आणि कर्मवीर भाऊराव पाटील हे दोघेही अण्णा, तर कुसुमाग्रज तात्यासाहेब. एकत्र कुटुंबांत तर मुले स्वतःच्या आईला ‘वहिनी’ आणि वडिलांना ‘दादा’ म्हणत मोठी झाली, कारण धाकटे काका आणि आत्या त्यांना तशी हाक मारत असत. या एका उदाहरणातून पालकांनी धडा घ्यावा: मूल सांगितलेले नव्हे, ऐकलेले बोलते.

म्हणून शिकवण्याची सुरुवात स्वतःपासून करावी, आणि ती मुलाशी बोलताना नव्हे, तर मुलासमोर इतरांविषयी बोलताना करावी. आई जर मुलाला म्हणाली, “बाबा आला बघ”, तर मूल ‘आला’च म्हणेल. ‘बाबा आले’, ‘बाबांना विचार’, ‘आजोबा झोपले आहेत’, ‘काकांचा फोन आला होता’ अशी वाक्ये दिवसातून अनेकदा कानांवर पडली की आदरार्थी बहुवचन मुलाच्या जिभेवर आपोआप बसते. घरात नसलेल्या माणसाविषयी बोलतानाही हेच पाळावे. शाळेच्या सरांसमोर ‘सर आले’ आणि घरी येऊन ‘सर आज रागावला’ असे मूल बोलत असेल, तर त्याला आदराची रूपे येतात पण ती केवळ समोरासमोर वापरण्यासाठी आहेत असा त्याचा समज झालेला असतो, आणि तो बहुधा आपल्याच गप्पांतून झालेला असतो.

मुलाच्या स्वतःच्या बोलण्यात ही रूपे कोणत्या क्रमाने आणावीत, याचा थोडा विचार करावा. सर्वांत सोपी असतात ती आज्ञार्थी रूपे: या, बसा, घ्या, द्या, सांगा, थांबा. पाहुणे आले की मुलाकडून ‘या’ आणि ‘बसा’ म्हणवून घ्यावे, पाण्याचा पेला हातात देताना ‘घ्या’ म्हणवून घ्यावे. अडीच-तीन वर्षांचे मूलही हे हौसेने करते, कारण त्यात काम आणि शब्द एकत्र येतात. येथे एक गंमत मुलाला दाखवता येते: जा, खा आणि गा ही रूपे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या दोघांसाठी सारखीच आहेत, तेव्हा ‘आजोबा, खा’ हे बरोबरच असते, मात्र ‘पी’चे ‘प्या’ आणि ‘हो’चे ‘व्हा’ करावे लागते. नकाराचेही लक्षात आणून द्यावे. ‘जाऊ नकोस’ हे मैत्रिणीला, ‘जाऊ नका’ हे आजीला.

त्यानंतर तृतीयपुरुषी रूपांकडे वळावे. तो आणि ती यांच्याऐवजी ते आणि त्या, हा आणि ही यांच्याऐवजी हे आणि ह्या, ‘माझा काका’ ऐवजी ‘माझे काका’, ‘आमची बाई’ ऐवजी ‘आमच्या बाई’. आजीच्या बाबतीत घरोघरी ‘आजी आली’ असे प्रेमाने म्हणतात आणि ते चालू द्यावे; पण शेजारच्या आजींविषयी बोलताना ‘आजी आल्या’ हे रूप मुलाला यायला हवे.

तिसरा टप्पा टिंबाचा. मुले सर्वांत जास्त चुकतात ती येथे, आणि मोठ्यांचेही येथे दुर्लक्ष होते. ‘बाबाचा चष्मा’, ‘सरने सांगितले’, ‘आजोबाला दे’ ही वाक्ये ऐकताना खटकत नाहीत, इतकी ती रुळली आहेत. ‘बाबांचा चष्मा’, ‘सरांनी सांगितले’, ‘आजोबांना दे’ असे म्हटल्यावर मात्र कानाला फरक लगेच कळतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे अनुस्वाराचे गुपित म्हणून सांगितले तर ते त्याला आवडते. माझ्या वर्गातली मुले एकमेकांच्या वाक्यांत हरवलेले टिंब शोधत असत आणि त्या शोधात त्यांचे लेखनही सुधारत असे. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही पुस्तकात आदरार्थी बहुवचन भेटते. मात्र ते तोंडात यायचे असेल तर सराव घरातच व्हावा लागतो.

सर्वांत शेवटी ‘तुम्ही’बरोबर येणारी क्रियापदांची पूर्ण रूपे घ्यावीत, कारण ती खरोखरच अवघड आहेत. ‘तू आलास’चे ‘तुम्ही आलात’, ‘तू येशील’चे ‘तुम्ही याल’, ‘तू जेवलीस का’चे ‘तुम्ही जेवलात का’. ‘तुम्ही कधी येशील?’ असे मिश्रण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंतही ऐकू येऊ शकते आणि त्याने घाबरून जाऊ नये.

चूक कशी दुरुस्त करावी, हा या साऱ्यातला नाजूक भाग आहे, आणि त्यात माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली होती. दिवाळीत पाहुण्यांनी घर भरलेले असताना माझ्या मुलीने थोरल्या काकांना ‘तू कधी जाणार?’ असे विचारले. मी सर्वांसमोर तिला दटावले आणि लगेच पुन्हा नीट म्हणायला लावले. तिने म्हटले, पण त्यानंतर कितीतरी दिवस ती काकांशी बोलायचेच टाळू लागली. ते आले की आतल्या खोलीत जाऊन बसे. बोलण्यात आदर यावा म्हणून केलेल्या खटाटोपाने बोलणेच बंद झाले होते. त्यानंतर मी मुलांना चारचौघांत कधी टोकले नाही. मूल म्हणाले, “आजोबा झोपला”, तर आपण सहज म्हणावे, “हो, आजोबा झोपले आहेत, आपण हळू बोलू या.” मूल म्हणाले, “काका, तू चहा पितोस का?” तर आपण त्याच्या शेजारी उभे राहून तोच प्रश्न काकांना विचारावा, “काका, तुम्ही चहा घेता का?” मुलाला बरोबर वाक्य ऐकायला मिळते आणि त्याचा प्रश्नही वाया जात नाही. खास सांगायचेच असेल, तर पाहुणे गेल्यावर, दोघेच असताना सांगावे.

खेळातून हे फार लवकर येते. भातुकलीत, दुकान-दुकान किंवा शाळा-शाळा खेळताना मुलाला आजोबा करावे आणि आपण नातू व्हावे. “आजोबा, तुमची काठी आणू का?” असे आपण विचारले की मुलाला ‘तुम्ही’ ऐकण्यातला मान स्वतः अनुभवता येतो. मग भूमिका बदलाव्यात.

सणांचाही उपयोग करून घ्यावा. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे वाक्य मूल पाठ म्हणते, पण त्यातले ‘घ्या’ आणि ‘बोला’ ही आदराची रूपे आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. त्या दिवशी धाकट्या भावंडाला तिळगूळ देताना ‘घे, बोल’ आणि आजीला देताना ‘घ्या, बोला’ असे म्हणायला लावले, तर एका संध्याकाळीत सगळे व्याकरण समजते. दसऱ्याला आपट्याची पाने मोठ्यांच्या हाती देऊन नमस्कार करण्याची रीत आहे. तेव्हाही नमस्काराआधी मुलाने दोन शब्द बोलावेत, नुसते ढकलल्यासारखे वाकू नये. तिन्हीसांजेला शुभंकरोति म्हणून झाल्यावर घरातल्या मोठ्यांना नमस्कार करण्याची सवय जेथे टिकली आहे, तेथे ती जरूर टिकवावी. वारीत वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि वय न पाहता एकमेकांच्या पाया पडतात, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता आले तर त्याच्याएवढा चांगला पाठ नाही.

आदराने बोलण्यात हाकेला उत्तर देणेही येते. मोठ्यांनी हाक मारली की ‘ओ’ द्यावी, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. आतून “काय आहे?” असे ओरडण्यापेक्षा “ओ आजी, आले” असे म्हणून उठावे, हे मुलाला दोन-चार वेळा सोबत करून दाखवावे. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणावे. काही मागताना ‘प्लीज’ लावले की आदर झाला, असे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना वाटते आणि ‘प्लीज पाणी दे’ असे वाक्य तयार होते. मराठीत ती नम्रता क्रियापदातच आहे: ‘आजी, जरा पाणी देता का?’ या वाक्याला वेगळी जोड लागत नाही. फोन घेताना “कोण पाहिजे?” याऐवजी “आपण कोण बोलता?” असे विचारावे. ‘आपण’ हे रूप मात्र मुलाला जपून द्यावे. ते अनोळखी माणसासाठी, व्यासपीठावरून बोलताना किंवा पत्रात शोभते. रोज घरात येणाऱ्या मावशीला ‘आपण’ म्हटले तर ती बिचारी परकी होते. हिंदीतल्या ‘आप’ची सवय झालेली मुले येथे हमखास गोंधळतात.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. मुलाला आदराने बोलता येते की नाही, हे आजोबांशी बोलताना कळत नाही. ते घरकामाला येणाऱ्या बाईंशी, इमारतीच्या पहारेकऱ्याशी, शाळेच्या रिक्षावाल्याशी बोलताना कळते. ज्या घरात आजीला ‘तुम्ही’ आणि भांडी घासायला येणाऱ्या साठ वर्षांच्या बाईंना ‘तू’ म्हटले जाते, त्या घरातल्या मुलाने वयाचा आदर शिकलेला नसतो, त्याने केवळ पैशाचा आणि पदाचा मान शिकलेला असतो. म्हणून ‘भाजीवाला आला’ असे न म्हणता ‘भाजीवाले काका आले’ म्हणावे, कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणावे आणि मावशी म्हटले की पुढचे क्रियापदही ‘आल्या’ असे यावे. ‘मावशी, इकडे ये’ हे नाते सांगते आणि त्याच दमात काढून घेते. हे मुलाच्या आधी पालकांना जमावे लागते, आणि त्याला वेळ लागला तरी हरकत नाही.

आदराने बोलणे म्हणजे प्रत्येक गोष्टीला होकार देणे, असा समज मात्र मुलाच्या मनात राहू देऊ नये. मोठ्यांचे पटले नाही तर कसे बोलावे, याची वाक्ये त्याला आधीच हाताशी द्यावीत: “आजोबा, मला वेगळे वाटते, सांगू का?” किंवा “काकू, मला आता नको आहे.” कोणी जवळ घेतलेले, गालाचा पापा घेतलेले मुलाला आवडत नसेल, तर त्याने “मला नको, मी नमस्कार करतो” असे म्हणावे आणि आपण मुलाच्या बाजूने उभे राहावे. एखाद्या मोठ्या माणसाची वागणूक मुलाला भीतिदायक वाटली, तर ‘तुम्ही’, ‘आपण’ सारे बाजूला ठेवून त्याने ओरडावे, तेथून निघून यावे आणि आपल्याला येऊन सांगावे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे.

मूल सात-आठ वर्षांचे झाल्यावर आईवडिलांसाठी ‘तू’वरून ‘तुम्ही’वर यायचे ठरवले असेल, तर ते एका दिवसात होणार नाही. आधी आईने बाबांविषयी आणि बाबांनी आईविषयी बोलताना बहुवचन वापरायला लागावे. महिनाभर मुलाकडून काहीच अपेक्षा करू नये. मग मुलाला विश्वासात घेऊन कारण सांगावे आणि घाईच्या, रडण्याच्या, आजारपणाच्या वेळी आलेला ‘तू’ ऐकूनही न ऐकल्यासारखा करावा. तापाने फणफणलेले मूल ‘आई गं, तू जाऊ नकोस’ म्हणते तेव्हा त्याला व्याकरण आठवून द्यायचे नसते.

परदेशी वाढणाऱ्या मुलांची अडचण वेगळी असते. इंग्रजीत आई, आजी आणि मित्र या सर्वांना एकच सर्वनाम पुरते, त्यामुळे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत फरक का करायचा हेच त्यांना कळत नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने चालणाऱ्या मराठी शाळांसारख्या उपक्रमांचा येथे आधार होतो, पण आठवड्यातून एकदाच्या वर्गाला रोजच्या बोलण्याची जोड हवी. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल करताना मुलाला आधी तीन वाक्ये तयार करून द्यावीत: “आजोबा, तुम्ही कसे आहात? जेवलात का? औषध घेतलेत का?” तिन्ही वाक्यांत तीन वेगळी रूपे आहेत, आणि पलीकडून आजोबा दर वेळी खुलून उत्तर देतात, त्यामुळे ती रूपे मुलाच्या लक्षातही राहतात.

थोडे मोठे झाल्यावर मुलाला वर्षातून निदान एक पत्र लिहायला लावावे. आईवडिलांना आणि आजी-आजोबांना ‘तीर्थरूप’, त्यांच्यासारख्याच मानाच्या इतर मोठ्यांना ‘तीर्थस्वरूप’, सुरुवातीला ‘साष्टांग नमस्कार’ आणि मजकुरात सर्वत्र ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’, पण दोन्हींची सरमिसळ नको. उत्तरात ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ आले की ते शब्द कुठून येतात आणि कोणाला शोभतात, हे मुलाला स्वतःच विचारावेसे वाटते.

आणि एखादी आजी म्हणाली, “मला तुम्ही-बिम्ही नको, तूच म्हण”, तर तिचे ऐकावे. मुलाला एवढेच सांगावे की ही सवलत या आजीने स्वतः दिली आहे, आणि ती फक्त तिच्यापुरती आहे. शेजारच्या आजींनी ती अजून दिलेली नाही.